प्रश्न विचारणारे मूल गप्प होते तेव्हा

गेल्या मे महिन्यात आम्ही आपांच्या घरी किन्हीराजाला चार दिवस मुक्कामाला होतो. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले, नागपूरहून संभाजीनगरकडे जाणाऱ्या जुन्या महामार्गावरचे हे गाव. दुल्हेभाईंचे रस्त्याच्या कडेला टायर दुरुस्तीचे दुकान आहे. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून या रस्त्यावरचे ट्रक कमी झाले आणि धंदा उतरला. तरी घर चालते, अलहम्दुलिल्लाह.

दुसऱ्या रात्री इशाच्या नमाजनंतर अंगणात बाजा टाकून बसलो होतो. बोलता बोलता भाचीच्या शाळेचा विषय निघाला. ती आठवी पास झाली होती. आपा म्हणाल्या, ‘‘आता बस झालं. नववीचं गणित अवघड असतं म्हणे. आणि आम्ही कुठं अडवतोय? तिलाच नकोय.’’ भाची बाजूलाच होती. तिने मान हलवली आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत निघून गेली.

आम्हाला धक्का बसला. याच मुलीने चौथीत असताना आम्हाला फोन करून विचारले होते, ‘‘मामू, अठरा चाकांच्या ट्रकला सगळे मिळून नट किती?’’ उत्तर आम्हाला आले नव्हते. तिने दुकानात आलेल्या ट्रकचे नट स्वतः मोजून दुसऱ्या दिवशी आम्हाला कळवले होते. त्या मुलीला गणित नको झाले, हे आम्हाला पटेना.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर शेवया वाळत घालताना हळूहळू सगळे बाहेर आले. सातवीचे वर्ष ती किन्हीराजाबाहेर, एका मोठ्या गावात फुफूकडे राहून शिकली. शाळा चांगली, निकाल चांगला, म्हणून तिकडे पाठवले होते. तिथे गणिताच्या तासाला ऋण संख्यांचा गुणाकार चालू होता. वजा गुणिले वजा बरोबर अधिक, असे सरांनी फळ्यावर लिहून दिले. हिने हात वर करून विचारले, ‘‘सर, असं का होतं?’’ सर म्हणाले, ‘‘पाठ कर.’’ हिने पुन्हा विचारले. मग सर म्हणाले, ‘‘टायरच्या दुकानात एवढं गणित लागत नाही. खाली बस.’’ वर्ग हसला. ती खाली बसली.

एवढेच घडले. छडी नाही, शिवी नाही, वर्गाबाहेर उभे करणे नाही. पण त्या दिवसापासून तिने गणिताच्या तासाला हात वर केला नाही. दोन महिन्यांनी गणित असेल त्या दिवशी सकाळी पोट दुखू लागले. मग मैत्रिणीची वही उतरवून काढणे सुरू झाले. वर्षाच्या शेवटी ती स्वतःच म्हणू लागली, ‘‘गणित माझा विषय नाही.’’ आठवीला ती किन्हीराजात परत आली. इथले गणिताचे शिक्षक शांत आहेत, समजावून सांगतात, असे तीच म्हणते. पण आता तिला विचारायचे धैर्य होत नाही. ते सर मागे राहिले, त्यांचे ‘खाली बस’ मात्र तिच्याबरोबर घरी आले.

हे तिने दीड वर्ष कुणालाही सांगितले नव्हते. का नाही सांगितलेस, असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘‘अब्बांना वाईट वाटलं असतं.’’

वाचकहो, या महिन्याचा विषय आम्ही इथूनच घेतो आहोत. वाईट शिक्षक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर छडी घेतलेला, तासाला उशिरा येणारा किंवा शिकवायला न जमणारा माणूस येतो. या उणिवा खऱ्याच आहेत. पण ज्याला नीट शिकवता येत नाही, त्याची कसर पुस्तकातून, शिकवणीतून, मोठ्या भावाकडून भरून काढता येते. ज्याने मुलाला प्रश्न विचारण्याची लाज वाटायला लावली, त्याचे नुकसान भरून काढणे फार अवघड जाते. कारण ते मूल मदत मागायलाच येत नाही. गणित विसरलेले मूल ‘मला शिकवा’ म्हणते. लाजवलेले मूल ‘मला नको’ म्हणते. आणि आपण घरची माणसे ती त्याची आवड-निवड समजून मान डोलावतो.

कडक शिक्षक आणि वाईट शिक्षक यांत आम्ही फरक करतो. गृहपाठ तपासणारे, चुकीला चूक म्हणणारे, पुन्हा लिहून आणायला लावणारे शिक्षक मुलांना त्या वेळी नकोसे वाटतात, पण पुढे आयुष्यभर त्यांचेच नाव निघते. मुलाची चूक दाखवणे वेगळे आणि मूलच चुकीचे आहे असे दाखवणे वेगळे.

आपल्या घरांमध्ये एक जुनी रीत आहे. मुलाला उस्तादांच्या हवाली करताना वडील म्हणत, ‘‘गोश्त आपका, हड्डी हमारी.’’ म्हणजे मांस तुमचे, हाडे तेवढी आमची ठेवा. उस्तादांवरचा विश्वास त्यात आहे, अदब आहे, हे मान्य. पण या एका वाक्याने आपण किती मुलांचे तोंड बंद केले, याचा हिशेब कधी केला आहे का? ज्या मुलाला ठाऊक आहे की घरचे उस्तादांचीच बाजू घेणार, ते घरी येऊन काय सांगणार? लहानपणी मकतबमध्ये ‘ऐन’ आणि ‘हमजा’ यांच्या उच्चारात आमची गल्लत होई. तेव्हाच्या हाफिजसाहेबांची छडी त्या दोन अक्षरांपाशी ठरलेली असे. आज इतक्या वर्षांनंतरही तिलावत करताना ते अक्षर जवळ आले की आमचा आवाज आपोआप लहान होतो. हाफिजसाहेबांची नियत वाईट नव्हती, त्यांनी आम्हाला नाजिरा पूर्ण करून दिला. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो. पण जे प्रेमाने उघडायचे ते भीतीने उघडायला आम्ही शिकलो, हेही खरे. म्हणून शाळेतल्या सरांबद्दल बोलताना मकतबला आणि घराला वगळून बोलणे आम्हाला प्रामाणिक वाटत नाही.

हा विचार नवा किंवा पाश्चात्त्य आहे, असे कुणी समजू नये. ट्यूनिसमध्ये १३३२ साली जन्मलेल्या इब्ने खल्दून यांनी १३७७ साली लिहिलेल्या ‘मुकद्दमा’ या ग्रंथात या विषयाला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. विद्यार्थ्यांवर, विशेषतः लहान मुलांवर सक्ती केली तर त्यांचा उत्साह मरतो, ती आळशी होतात आणि मार चुकवण्यासाठी खोटे बोलायला व लबाडी करायला शिकतात, असे ते सांगतात. पुढे ती लबाडीच सवय होऊन बसते, असा त्यांचा इशारा आहे. साडेसहाशे वर्षांपूर्वीचा हा माणूस आमच्या भाचीने मैत्रिणीची वही का उतरवली, ते सांगून गेला आहे. त्यांच्याही आधी, इमाम गजाली (मृत्यू ११११) यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये शिक्षकाची कर्तव्ये लिहिली. शिक्षकाने विद्यार्थ्याला स्वतःच्या लेकरासारखे वागवावे आणि त्याची चूक चारचौघांत उघडी न करता शक्यतो आडवळणाने, मायेने सुचवावी, असे त्यांनी सांगितले आहे.

आणि सर्वांत मोठा दाखला तर कुरआनमध्येच आहे. सूरह अबसा, म्हणजे ८० व्या सूरहची सुरुवात कोणत्या प्रसंगाने झाली, ते आपण जाणतो. प्रेषित मुहम्मद (स.) मक्केतील कुरैशच्या सरदारांशी बोलत होते. ते सरदार ऐकतील तर पुष्कळ लोकांना मार्ग सापडेल, ही त्यामागची तळमळ होती. तेवढ्यात दृष्टिहीन सहाबी हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) काही शिकायला म्हणून आले आणि विचारू लागले. बोलण्यात खंड पडला, म्हणून प्रेषितांच्या (स.) कपाळावर आठी उमटली. यावर अल्लाहने आपल्या लाडक्या प्रेषितांना (स.) टोकले. जो स्वतःहून, ओढीने शिकायला आला, त्याच्याकडे आधी लक्ष द्यावे, ही शिकवण त्यात आहे.

वाचकहो, इथे क्षणभर थांबा. समोरची व्यक्ती दृष्टिहीन होती. ती आठी त्यांना दिसलीही नव्हती. तोंडून एक कठोर शब्द निघालेला नव्हता. तरीही शिकायला आलेल्याच्या बाबतीत तेवढेही अल्लाहने जाऊ दिले नाही. पुढे प्रेषित (स.) त्यांचा विशेष मान राखत. ते मदीनेच्या मशिदीत अजान देत, आणि प्रेषित (स.) मोहिमेवर गेले असता मदीनेची जबाबदारीही त्यांच्यावर सोपवली गेली.

दुसरा प्रसंग सहीह मुस्लिममधला आहे. हजरत मुआविया बिन हकम (रजि.) नवे होते. नमाजमध्ये कुणी शिंकले, तर ते मोठ्याने दुआ देऊन मोकळे झाले. आजूबाजूचे लोक रोखून पाहू लागले, मांड्यांवर हात मारू लागले. नमाजनंतर प्रेषितांनी (स.) त्यांना ना झिडकारले, ना मारले, ना टाकून बोलले. नमाजमध्ये बोलायचे नसते, एवढे समजावून सांगितले. त्यांच्यासारखा शिक्षक आपण आधी किंवा नंतर कधी पाहिला नाही, असे हजरत मुआविया पुढे सांगत. चूक भर जमातीत झाली होती, आणि त्या माणसाच्या आठवणीत ती लाज म्हणून नव्हे, कृतज्ञता म्हणून राहिली.

यावर कुणी म्हणेल, ‘‘पण मोठी माणसे तर अपमान पचवूनच मोठी झाली ना?’’ हा युक्तिवाद आम्ही किन्हीराजाच्या अंगणातही ऐकला, म्हणून त्याला उत्तर देणे भाग आहे. महाराष्ट्रात याचे सर्वांत मोठे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. त्यांना आणि त्यांच्या थोरल्या भावाला शाळेत संस्कृत शिकायचे होते. संस्कृतच्या शिक्षकांनी अस्पृश्यांच्या मुलांना शिकवायला नकार दिला, आणि नाइलाजाने त्यांना फारसी घ्यावी लागली. याच काळात मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना फळ्याजवळ बोलावले गेले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून मुले ते उचलायला धावली होती. तरीही ते १९०७ साली मॅट्रिक झाले, पुढे जगातल्या नामवंत विद्यापीठांत शिकले, आणि संस्कृतही स्वतःच्या कष्टाने शिकले.

पण ही गोष्ट इथेच संपवली तर आपण अर्धीच सांगितली असे होईल. त्या मुलाच्या मागे वडील सुभेदार रामजी होते. ते पहाटे उठवून त्याचा अभ्यास घेत आणि पुस्तकासाठी प्रसंगी मुलींचे दागिने गहाण टाकत. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे गुरुजी होते. बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला त्यांनी हेरले, पुस्तके दिली, आणि मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. एका शिक्षकाने दार बंद केले, तेव्हा दुसऱ्या बाजूने दोन माणसे दार उघडून उभी होती. ज्या मुलांच्या मागे असे कुणीच नव्हते, त्यांची चरित्रे लिहिली गेली नाहीत. म्हणून ती आपल्याला ठाऊक नाहीत.

परदेशातले एक उदाहरण असेच आहे. जॉन गर्डन हे इंग्लंडच्या ईटन शाळेत शिकत होते. १९४९ च्या प्रगतिपुस्तकात शिक्षकांनी लिहिले की, या मुलाला शास्त्रज्ञ व्हायचे आहे म्हणे, पण सध्याची त्याची गती पाहता हे हास्यास्पद आहे. जीवशास्त्रात तो अडीचशे मुलांत शेवटचा होता. याच गर्डन यांना २०१२ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते प्रगतिपुस्तक त्यांनी चौकट करून आपल्या टेबलापाशी लावून ठेवले होते. लोक ही गोष्ट हसत सांगतात. आम्हाला त्यात दुसरेच दिसते. नोबेल मिळाले, तरी साठ वर्षांपूर्वीचे ते वाक्य पुसले गेले नव्हते.

शिक्षकाच्या मनात मुलाविषयी काय आहे, याचाही परिणाम होतो. अमेरिकेत रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी १९६८ साली एका प्राथमिक शाळेतल्या प्रयोगाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांनी शिक्षकांना काही मुलांची नावे देऊन सांगितले होते की, ही मुले यंदा चमकतील. नावे प्रत्यक्षात कशीही, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती. वर्षाअखेर खालच्या वर्गांतल्या त्या मुलांनी बुद्धिमापन चाचणीत इतरांपेक्षा अधिक प्रगती दाखवली. हा परिणाम नेमका किती मोठा असतो, यावर पुढे तज्ज्ञांमध्ये बराच वाद झाला. पण ‘हे करील’ आणि ‘याच्याने काय होणार’ या दोन नजरा मुलाला कळतात, हे आपल्यापैकी प्रत्येकाला स्वतःच्या शाळेच्या दिवसांवरून ठाऊक आहे.

चांगल्या नजरेचे बळही तितकेच असते. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर आपल्या मुंबईच्या शाळेतल्या भावे सरांची आठवण नेहमी सांगतात. सरांनी मुलांना उन्हात नेऊन बहिर्गोल भिंगाने कागद जाळून दाखवला आणि शक्ती एकवटली की काय घडते, ते समजावले. गरिबीत वाढलेल्या त्या मुलाने शास्त्रज्ञ व्हायचे तिथेच ठरवले. एक भिंग, एक कागद आणि दुपारचे ऊन. खर्च काहीच नव्हता.

मग आपण काय करायचे?

पहिली गोष्ट घरातली. मूल शाळेतून आले की ‘‘किती मार्क मिळाले?’’ याआधी ‘‘आज वर्गात काय विचारलंस?’’ असे विचारावे. काही दिवस सतत ‘‘काहीच नाही’’ असे उत्तर आले, तर तिथे लक्ष द्यावे. आवडता विषय अचानक नकोसा होणे, ठरावीक दिवशीच पोट दुखणे, वही लपवणे, ही नाटके नसतात. आणि मुलाने काही सांगितले, तर ‘‘तूच काहीतरी केलं असशील’’ हे पहिले वाक्य आपले नसावे.

दुसरी गोष्ट शाळेतली. मुलासमोर शिक्षकांना नावे ठेवू नयेत, अदब सोडू नये. पण भेटायला मात्र जावे. आधी त्या शिक्षकांनाच एकट्यात, सलोख्याने सांगावे. कित्येकदा आपण काय बोलून गेलो, हे त्यांच्या ध्यानातही नसते. भरलेला वर्ग, निवडणुकीची आणि जनगणनेची कामे, रोजची कागदपत्रे यांत तेही थकलेले असतात. तेवढ्याने भागले नाही, तर मुख्याध्यापकांकडे जावे. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत आणि निम्म्या महिला. आपल्या किती आया-बहिणी त्या बैठकीला जातात? नाव यादीत असते आणि सही घरपोच होते. ती खुर्ची आपली आहे, तिथे बसले पाहिजे.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि मानसिक त्रास देणे, दोन्हींना मनाई आहे. म्हणजे चारचौघांत हिणवणे ही ‘शिस्त’ नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७५ मुलाचा ताबा असणाऱ्या कुणाचीही क्रूरता हा गुन्हा मानते. मुलावर खरोखर संकट असेल, तर १०९८ हा मोफत क्रमांक आहे. कायदा हे शेवटचे दार आहे. पण ते आहे, हे ठाऊक असावे.

तिसरी गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. विझलेला प्रश्न घरातच पुन्हा पेटवावा लागतो. त्यासाठी आई-बाप शिकलेले असण्याची गरज नसते.

त्या रात्री आम्ही भाचीच्या परवानगीने दुल्हेभाईंना सगळे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. आम्हाला वाटले, आता रागावतील, कुणाला तरी फोन लावतील. ते उठले, दुकानाची उधारीची वही घेऊन आले आणि लेकीला जवळ बसवले.

‘‘बेटा, तुझा सवाल काय होता?’’

तिने खाली मान घालून सांगितले. वजा गुणिले वजा अधिक का होते.

दुल्हेभाई सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, ‘‘हे बघ. मी तिघांचं प्रत्येकी शंभर रुपये देणं लागतो. देणं म्हणजे वजा, बरोबर? आता तिघंही म्हणाले, राहू दे, माफ केलं. मी वहीतून तीन देणी काढून टाकली. काढणं म्हणजेही वजाच. मग माझं काय झालं?’’

भाची वहीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘‘तीनशे रुपयांचा फायदा.’’

‘‘मग झालं की अधिक.’’

ती हसली नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, ‘‘अब्बा, हे तर दुकानातलंच गणित आहे. मग सर असं का म्हणाले?’’ दुल्हेभाईंकडे याचे उत्तर नव्हते. आमच्याकडेही नव्हते. आपा उठल्या आणि म्हणाल्या, ‘‘नववीची पुस्तकं कधी मिळतात?’’

जूनमध्ये ती नववीत गेली. सगळे एका रात्रीत सुधारले, असे आम्ही सांगणार नाही. परवा तिचा फोन आला. पहिल्या घटक चाचणीत गणितात वीसपैकी नऊ गुण पडले होते. आम्ही धीर द्यायला शब्द शोधत होतो, तोच ती म्हणाली, ‘‘मामू, तिसरं उदाहरण मी बरोबरच सोडवलं होतं. सरांनी चूक दिलंय. उद्या वर्गात विचारणार आहे, का ते.’’